नोडवर नीट चाललेली सेवा बनवर हलवावी का?

तुम्ही लिहिलंय की एक्सप्रेस (वेब सर्व्हरची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवरची तुमची एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामना डेटा देणारी सेवा, नोड २२ या जावास्क्रिप्ट रनटाइमवर (कोड चालवणाऱ्या प्रोग्रामवर) सुरळीत चालू आहे, पण टीममधले दोघं बन या दुसऱ्या रनटाइमवर जायचा आग्रह धरताहेत. मी म्हणेन, प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या वापरातल्या सेवेचा, रनटाइम आत्ता बदलू नका, मात्र बन आजपासून वापरायला लागा. पॅकेज मॅनेजर (तयार पॅकेज बसवणारा), टेस्ट रनर, बंडलर (फाइल एकत्र बांधणारा) आणि रनटाइम हे सगळं बनमध्ये एकत्र असलं, तरी त्यातलं एक घेतलं म्हणून बाकीचं घ्यावं लागत नाही.

'बन इन्स्टॉल' नेहमीचंच नोड-मॉड्यूल्सचं फोल्डर तयार करतं, त्यामुळे ॲप पुढे नोडनेच चालवता येतं. हे काम जलद होतं, त्यामुळे सीआयमधला (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतला) वेळ इथेच वाचतो. मात्र डिपेंडन्सींच्या (ॲप ज्यांवर अवलंबून असतं त्या पॅकेजेसच्या) पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट, म्हणजे बसवल्यावर आपोआप चालणारा कोड, बन सरसकट चालवत नाही. सुरक्षेसाठी मला हे फार योग्य वाटतं, पण एखादं नेटिव्ह पॅकेज (मशीनसाठी खास तयार केलेला कोड असलेलं) त्यामुळे अर्धवट बसू शकतं. मग त्याचं नाव पॅकेज-जेसनमध्ये विश्वासू डिपेंडन्सींच्या यादीत घालावं लागतं.

रनटाइम बदलणं ही मोठी उडी आहे. नोड आणि डेनो (तिसरा रनटाइम) क्रोमच्या व्ही-८ इंजिनवर चालतात, बन सफारीच्या जावास्क्रिप्टकोअरवर. म्हणजे गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) वेगळं, प्रोफायलर (वेळ आणि मेमरी कुठे जाते ते दाखवणारं साधन) वेगळा. मध्यरात्री मेमरी चढत गेली, तर क्रोमच्या डेव्हटूल्सवर बसलेला हात तिथे तसाच चालत नाही. तुमचा मॉनिटरिंग एजंट (सेवेवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) नोडच्या आतल्या कोडला जोडून घेत असेल, तर सगळ्यात आधी तोच तपासा.

आता वेग. बन किती वेगवान आहे हे दाखवणारे आलेख बहुतेकदा रिकामा प्रतिसाद देणाऱ्या सर्व्हरचे असतात. समजा तुमच्या रिक्वेस्टला ८० मिलिसेकंद लागतात आणि त्यातले ७० पोस्टग्रेसमध्ये जातात. रनटाइम दुप्पट वेगवान झाला तरी ८० चे ७५ होतील. तेवढ्याच मेहनतीत डेटाबेसमधला एक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कितीतरी जास्त देईल. मोजताना एक चकवा आहे: 'बन रन'ने चालवलेल्या टूलच्या पहिल्या ओळीत नोडचं नाव असेल, तर ते नोडवरच चालतं. '--बन' हा फ्लॅग दिला नाही तर तुम्ही नोडचेच आकडे बनच्या नावावर लिहाल.

टाइपस्क्रिप्टसाठी (टाइप जोडलेल्या जावास्क्रिप्टसाठी) बनवर जायचं कारणही पातळ झालंय. नोड २२.१८ पासून साध्या टाइपस्क्रिप्ट फाइल थेट चालतात (एनमसारख्या काही खास रचना सोडून). टाइप तपासायला टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) दोन्हीकडे लागतोच. शिवाय नोड २२ ला एप्रिल २०२७ पर्यंत आधार आहे, म्हणजे घाई नाही.

नवी, छोटी, अंतर्गत सेवा असेल तर मात्र मी बेलाशक बनवर लिहीन. त्या दोघांना अशीच एक द्या. परक्या स्क्रिप्ट चालवायच्या असतील तर डेनो बघा, तिथे फाइल आणि नेटवर्कची परवानगी मागूनच मिळते. बनच्या त्या सेवेत 'बन-सर्व्ह'सारखे फक्त बनचे एपीआय सुरुवातीला येऊ देऊ नका आणि सीआयमध्ये तिच्या टेस्ट नोडवरही चालवत राहा, म्हणजे नोडवर परतायची वेळ आली तर डॉकरफाइलमधल्या (सेवा कशी उभी करायची ते सांगणाऱ्या फाइलमधल्या) दोन-तीन ओळी बदलून भागेल.