सीट स्विच दोनदा बदलला, तरी मशीन अडतंच

प्रश्न : सर, माझ्याकडे स्किड स्टिअर लोडर आहे. सपाट जागेवर दिवसभर काही त्रास नाही. खडबडीत जमिनीवर गेलो की मधूनच आर्म जागीच थांबतात, ब्रेक लागतो, पॅनेलवरचा सीटचा दिवा लुकलुकतो आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरू होतं. सीटखालचा स्विच दोनदा नवा टाकला. आता मेकॅनिक म्हणतो, स्विच काढून वायर डायरेक्ट जोडून टाकू, कटकटच मिटेल. करू द्यावं का?

उत्तर : नका करू देऊ. हे आधी सांगतो, मग बिघाडाकडे वळू.

बहुतेक स्किड स्टिअरमध्ये ऑपरेटर समोरून, बकेटवर पाय ठेवून चढतो. डाव्या-उजव्या बाजूला बकेट उचलणारे लिफ्ट आर्म असतात. तो उठला, वाकला किंवा त्याने हात बाहेर काढला, की थेट आर्म आणि फ्रेमच्या मधल्या फटीत येतो. सीटचा स्विच आणि ऑपरेटरच्या पुढ्यात खाली ओढायचा बार हे दोघं मिळून एवढंच पाहतात की माणूस जागेवर नसेल तर आर्म हलता कामा नयेत. मी शिकाऊ होतो तेव्हा एका मशीनचे हे दोन्ही डायरेक्ट केलेले होते. पेडलजवळ दगड अडकला म्हणून ऑपरेटर इंजिन चालू ठेवून अर्धवट उठला, आधारासाठी डावा हात फ्रेमवर ठेवला आणि गुडघा लिव्हरला लागला. आर्म खाली आले. हात वाचला, पण दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. आर्म जॅकने उचलून तो हात सोडवणाऱ्यांत मी होतो. त्या दिवसापासून माझ्या हातून सीट स्विच एकदाही डायरेक्ट झालेला नाही. अमेरिकेतल्या ‘निऑश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९८ साली खास स्किड स्टिअरवर इशारापत्रक काढलं, ते अशाच चिरडण्याच्या अपघातांमुळे.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. दोन नवे स्विच टाकूनही दोष तसाच आहे, म्हणजे तो बहुतेक स्विचमध्ये नव्हताच. उभ्या मशीनमध्ये ठीक आणि हादऱ्यात बंद, असं असेल तर हलणारं काहीतरी तुटतंय आणि पुन्हा जुळतंय. सीटखाली सतत हलते ती स्विचची वायर. सीट पुढे-मागे सरकते, सस्पेन्शनवर वर-खाली होते आणि वायर दर वेळी त्याच एका जागी दुमडते. काही वर्षांत आतली तांब्याची तार एकेक करून तुटत जाते. वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, म्हणून नजरेला काहीच दिसत नाही.

हात लावण्याआधी मशीन सपाट जागेवर घ्या, बकेट जमिनीला टेकवा, पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करा आणि चावी खिशात ठेवा. आर्म वर ठेवूनच काम करायची वेळ आली तर आर्मचा लोखंडी सपोर्ट लावल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवू नका.

मग सीट पुढे उचला आणि बॅटरीची अर्थ (निगेटिव्ह केबल) काढून ठेवा. स्विचपासून कपलरपर्यंतची (वायर जोडायच्या प्लगपर्यंतची) वायर दोन चिमटींत धरून थोडी-थोडी ताणत पुढे जा. चांगली वायर ताणत नाही, आतलं तांबं तिला धरून ठेवतं. जिथे तांबं तुटलंय तिथे ती रबरासारखी लांबते आणि बोटांखाली एकदम मऊ, पोकळ लागते. एकदा ही जाणीव झाली की पुन्हा विसरत नाही. तिथे प्लॅस्टिक चिरून पाहा. बहुतेक वेळा आत हिरवी भुकटी आणि एखाद-दुसरीच शाबूत तार दिसेल.

मल्टीमीटरच्या बीपवर विसंबू नका, ही चूक फार जणांकडून होते. एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, आणि तीच तार खड्ड्यात सुटते. मी वायर दोन्ही टोकांना कपलरमधून सोडवतो आणि फ्यूज घालून बॅटरीवरून तिच्यातून १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवतो. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. वायर धड असेल तर तो लख्ख पेटतो, नसेल तर मिणमिणतो किंवा वायर वाकवताच विझतो. मात्र वायर कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला, जोडलेली असताना हे अजिबात करू नका. कंट्रोलरची ती लाइन एवढ्या करंटसाठी नसते, महागडा कंट्रोलर जाईल.

वायर ठीक निघाली तर कपलरच्या पिना बघा. मशीन प्रेशरने धुतात तेव्हा पाणी तिथे जाऊन बसतं. पिन हिरवी किंवा काळी दिसली तर काँटॅक्ट क्लीनर मारा. सॉकेट पसरलेलं असेल, पिन सैल बसत असेल, तर नुसतं साफ करून भागणार नाही, ते बदलावंच लागतं. त्यानंतर फ्रेमवरची अर्थ बघा. तिथला रंग-गंज खरवडून बोल्ट आवळा. रिलेवर संशय असेल तर त्याच नंबरचा शेजारचा रिले अदलाबदल करून बघता येतो.

वायर दुरुस्त करताना पीळ मारून वर टेप लावला तर महिनाभरात परत त्याच जागी याल. खराब तुकडा पूर्ण काढा, नवा तुकडा किंचित लांब घ्या, क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा) आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. जोड दुमडणाऱ्या जागेवर येऊ देऊ नका. वायर बांधून झाली की सीट अगदी पुढे, अगदी मागे आणि पूर्ण खाली करून बघा, कुठे ताणतेय का, कुठे चिमटतेय का.

प्रश्न : मी लोडर चालवते. माझं वजन ४८ किलो आहे. मी बसल्यावर मशीन कधी घेतं, कधी नाही. दुसरे ऑपरेटर बसले की लगेच चालतं. ते म्हणतात सीटवर जड पिशवी ठेवून बस.

उत्तर : ताई, पिशवी ठेवू नका. तुम्ही उतरलात तरी मशीनला वाटत राहील की माणूस बसलाय. दोष तुमच्या वजनाचा नाही, सीटच्या सेटिंगचा असण्याची शक्यता जास्त. सस्पेन्शन सीटला वजनाची मूठ किंवा लिव्हर असतो. तो जड माणसासाठी लावलेला असला तर तुमच्या वजनाने सीट पुरेशी खाली जात नाही आणि स्विचची दांडी दाबली जात नाही. शिफ्टच्या सुरुवातीला तो आपल्या वजनावर आणा, पाठदुखीसुद्धा कमी होईल. तरीही अडलं तर सीट उचलून बघा. फोम एका बाजूला बसलेला असतो, कव्हर बदलताना जाड फोम भरलेला असतो, नाहीतर सीटच्या पत्र्याखाली खडी, वाळलेला चिखल अडकलेला असतो. स्विचचा ब्रॅकेट वाकलेला असेल तर तो सरळ करणं मेकॅनिकचं काम. आणि पुढे सरकून, कडेवर बसायची सवय असेल तर ती सोडा. बऱ्याच सीटमध्ये स्विच मधोमध किंवा मागच्या बाजूला असतो.

प्रश्न : मशीन धुतल्यापासून मी उठलो तरी सीटचा दिवा ‘बसलाय’ असंच दाखवतो. चालण्यात अडचण नाही. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

उत्तर : अडचण नाही असं वाटतंय हीच काळजीची गोष्ट आहे. वर लिहिलेला बिघाड मशीन थांबवतो, तुमचा बिघाड मशीन थांबूच देत नाही. दुरुस्त होईपर्यंत ते कामाला लावू नका. चावी बंद करून सीट स्विचचा कपलर काढा, मग इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून दिवा बघा. दिवा बदलला तर स्विच आत चिकटलाय किंवा त्यात पाणी आहे. गादीत शिवलेला चपटा स्विच असेल तर भिजलेला फोम तो दाबून धरतो. वाळल्यावर सुधारला तरी तो बदलाच. दिवा तसाच राहिला तर पुढे वायर घासून शॉर्ट झालीय. काही मशीनमध्ये स्विच उलटा असतो, बसल्यावर सर्किट उघडतं, म्हणून निष्कर्ष काढण्याआधी त्या मॉडेलचं वायरिंग ड्रॉइंग समोर ठेवा. काही नवे कंट्रोलर, ऑपरेटर उठून परत बसल्याची नोंद मिळाली नाही तर फॉल्ट कोड देतात. तो कोड मिटवण्याआधी लिहून ठेवा.

प्रश्न : मिनी एक्सकॅव्हेटरचं हायड्रॉलिक मधेच मरतं. सीटखाली स्विच सापडलाच नाही.

उत्तर : बहुतेक मिनी एक्सकॅव्हेटरमध्ये सीटखाली तो नसतोच. डाव्या बाजूचा लॉक लिव्हर बघा. तो वर केला की हायड्रॉलिक बंद होतं, आणि त्याच्या बुडाशी छोटा लिमिट स्विच असतो. चढता-उतरताना बुटाचा चिखल नेमका तिथे पडतो. लिव्हर खाली असताना हाताने थोडा हलवून बघा, हायड्रॉलिक येतं-जातं का. येत-जात असेल तर स्विचची जागा, त्याचा कपलर आणि कन्सोलसोबत दुमडणारी वायर, या क्रमाने तपासा. हे हलवून बघताना बूम आणि बकेट जमिनीवर टेकलेले हवेत आणि मशीनच्या फिरण्याच्या टप्प्यात कोणी उभं नको.