निवृत्त जोडपी अख्खा हिवाळा शिडाच्या बोटीवर कशी काय राहतात?

बहामाजचं, म्हणजे फ्लोरिडाच्या पूर्वेकडच्या बेटांचं सांगतो. अमेरिका-कॅनडातली बरीच जोडपी चक्रीवादळांचा मोसम (जून ते नोव्हेंबर) सरला की फ्लोरिडाहून तिकडे निघतात. वाटेत गल्फ स्ट्रीम. हा समुद्री प्रवाह उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे उत्तरेचा वारा सुटला की लाटा उभ्याच्या उभ्या चढतात. अशा दिवशी मुकाट किनाऱ्याला थांबायचं. एक्झुमा बेटांतल्या जॉर्ज टाउनला शेकडो बोटी मुक्काम ठोकतात. वीज सौर पॅनेलची. गोडं पाणी मात्र जपून: भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी कपभर गोड्या पाण्यात विसळायची. किराणा महाग, कारण बहुतेक माल बाहेरून येतो. आणि थंड हवेची आघाडी आली की वारा दक्षिणेकडून पश्चिमेला, मग उत्तरेला फिरतो. मध्यरात्री उठून नांगर सरकला नाही ना, बघावं लागतं. (निवांतपणा तो हाच!) बोट दोघांनाही चालवता आलीच पाहिजे.