मीटरवर डायोड 0.6 दाखवतो, मग चालू सर्किटमधे 1 व्होल्ट का पडतो?

भावा, तुझा 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट) चांगलाय, फेकू नको. 0.6 नाहीतर 0.7 व्होल्ट हा काय ठरलेला आकडा नव्हेच, करंट किती वाहतोय त्यावर तो बदलतो. मीटर डायोड तपासायच्या मोडवर जेमतेम 1 मिलिअँपच्या आसपास करंट सोडतं म्हणून तिथं 0.6 दिसतं, आणि तुझ्या चार्जरमधे त्यातनंच 1 अँप जातोय, म्हणजे हजारपट की. करंट दहापट झाला की ड्रॉप, म्हणजे डायोडवर पडणारा व्होल्टेज, साधारण 60 ते 120 मिलिव्होल्टनं वाढतो, वर डायोडचा स्वतःचा रेझिस्टन्स, म्हणून डेटाशीटमधेच (कंपनीच्या माहितीपत्रकात) 1 अँपला 1.1 व्होल्टपर्यंत दिलंय. आणि तापला की ड्रॉप कमी होतो, डिग्रीमागं साधारण 2 मिलिव्होल्ट, त्यामुळं एप्रिलात उद्यमनगरच्या पत्र्याच्या शेडात घेतलेलं रीडिंग आणि पावसाळ्यातलं एकसारखं येत नाही. 1 अँपला जवळजवळ 1 वॅट उष्णता होते, बोर्डाला चिकटवून सोल्डर करू नको. ड्रॉप कमीच पाहिजे तर शॉटकी जातीचा (कमी ड्रॉपचा) डायोड 1एन5819 टाक, पण तो उलट्या बाजूनं 40 व्होल्टच सोसतो, 230 व्होल्ट मेनच्या बाजूला चुकूनही लावू नको.