गरोदर बाईला जामीन मिळतोच का?

तुम्ही लिहिलंय की बहीण नेरुळला घरकाम करायची, मालकिणीचे दागिने चोरल्याच्या आरोपावरून तिला अटक झाली, सहावा महिना चालू आहे आणि पोलीस कोठडी संपून आता न्यायालयीन कोठडी मिळालीय. ‘गरोदर बाईला जामीन द्यावाच लागतो’ असं शेजारच्यांनी सांगितलं, ते खरं का?

खरं नाही. पण घाबरू नका, तुमची बाजू बरी आहे. मी ठाण्यात आणि बेलापूरच्या कोर्टात बारा वर्षं फौजदारी वकिली करतेय, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३७) असं आहे की गुन्हा अजामीनपात्र असला तरी आरोपी स्त्री असेल, आजारी किंवा अशक्त असेल तर कोर्ट तिला जामिनावर सोडू शकतं. ‘सोडू शकतं’, ‘सोडलंच पाहिजे’ नव्हे. आणि त्या कलमात ‘गरोदर’ हा शब्द कुठेच नाही. तो अर्जात, कागदानिशी, आपल्याला आणावा लागतो.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी अशीच एक केस होती. सातवा महिना. बाई आरोपीच्या पिंजऱ्यात कमरेवर हात देऊन उभी, अख्ख्या कोर्टाला दिसत होतं. मी तोंडी सांगितलं, ‘साहेब, गरोदर आहे.’ सरकारी वकिलांनी शांतपणे विचारलं, ‘कागद?’ माझ्याकडे काही नव्हतं. नवरा मागच्या बाकावरून म्हणाला, ‘मॅडम, फाईल घरी आहे, माळ्यावर.’ पुढची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. त्या दिवशी त्याने भाजीच्या पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड आणलं. कोपऱ्यावर हळदीचा डाग, आत सोनोग्राफीचा चुरगळलेला कागद, त्यावर बाळंतपणाची अंदाजे तारीख. दहा मिनिटांत जामीन झाला. ते नऊ दिवस तिने माझ्या निष्काळजीपणामुळे आत काढले. तेव्हापासून अशी केस आली की वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी ते कार्ड मागते.

घरचा कागद सापडत नसेल तरी अडत नाही. तुरुंगाकडून वैद्यकीय अहवाल मागवावा, असा अर्ज कोर्टात करता येतो. तुरुंगाचंही ते कामच आहे. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात ठरवून दिलंय की बंदी गरोदर असल्याचं कळलं की जिल्हा रुग्णालयाच्या स्त्री विभागात तपासणी करून किती महिने झाले, तारीख कोणती, हे नोंदवायचं. बाळंतपण शक्य तोवर तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात. जन्म झालाच तर दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही, त्या भागाचा पत्ता लिहायचा. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. ठाण्याचा तुरुंग म्हणजे पोर्तुगीज काळातला किल्ला, बाळंतिणींचा विचार करून कुणी तो बांधला नव्हता. असे नियम म्हणूनच वेगळे लिहावे लागले.

आता तुमच्या बहिणीच्या गुन्ह्याबद्दल. नोकराने मालकाची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेत जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय, ते अर्जात आलं पाहिजे. पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून, साठ दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. पण तेवढी वाट बघत बसू नका, आणि तो दिवस आला तर अर्ज लगेच टाका. चार्जशीट आधी दाखल झालं की हा हक्क गेला. अटक किती वाजता झाली तेही वकिलांना सांगा. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर कारण तसंच असावं लागतं, महिला अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

नियमित जामीन नाकारला गेला तरी बाळंतपणापुरता तात्पुरता मागता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गांजाच्या केसमधल्या गरोदर बाईला सहा महिन्यांचा जामीन दिला, आणि अमली पदार्थांच्या कायद्यात तर जामीन फार अवघड असतो. तुमच्याकडे साधी चोरीची केस आहे.

वकिलाचे पैसे नाहीत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, खरं तर ते आधी लिहायला हवं होतं. विधी सेवा कायद्याने कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. बेलापूर कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, ठाण्याला जिल्हा कोर्टात प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १५१०० वर फोन केला तरी चालतं.

आणि खरी गोची जामीन झाल्यावर सुरू होते. ऑर्डर हातात पडते, पण जामीनदार नसतो म्हणून बाई आतच. जामीनदाराचं रेशनकार्ड, आधार, पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती आत्ताच गोळा करा. गावाकडचा सातबारावाला काका असेल तर त्याला आजच फोन करा. कोर्टाबाहेर ‘जामीनदार देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. कागद बनावट निघाले तर तुमच्यावरच बालंट. जामीनदार जमतच नसेल तर आधी रोख जामिनावर सोडा आणि जामीनदारासाठी काही आठवड्यांची मुदत द्या, असा अर्ज बहुतेक वेळा मंजूर होतो. ऑर्डर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, २०२३ पासून तसा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची, कच्च्या कैद्याला पैशांची मदत मिळू शकते. पण तिची समिती, तिची बैठक, यात दिवस जातात, आणि सहाव्या महिन्यात दिवसच कमी असतात.

तेव्हा आज संध्याकाळी बहिणीच्या खोलीवर जा. कार्ड बहुतेक पत्र्याच्या पेटीत नाहीतर गादीखाली असेल. अंगणवाडी ताईंच्या वहीतही तिची नोंद सापडेल, त्या नोंदीचाही फोटो काढून आणा.