धडधाकट मांजर एका रात्रीत कसं गेलं? माझं काही चुकलं का?

रात्री नीट जेवलेलं चार वर्षांचं मांजर सकाळी गेलेलं आढळलं, हे तुमचं वाचून फार वाईट वाटलं. तपासल्याशिवाय नेमकं कारण सांगता येत नाही, पण अशा मृत्यूंमागे बऱ्याचदा हृदयविकार असतो. मांजरांत सर्वाधिक आढळणारा म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते आणि एके दिवशी ठोके एकाएकी बिघडतात, नाहीतर रक्ताची गुठळी सुटते. तोवर मांजर खात-खेळत असतं. स्टेथोस्कोपने दरवेळी कळतंच असं नाही, खात्री होते ती इकोकार्डिओग्राफीने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने (इको). म्हणून स्वतःला दोष देऊ नका, हे अगदी मनापासून सांगतो.

विषबाधा, हार्टवर्म (हृदय-फुफ्फुसांत राहणारे जंत) किंवा आतली दुखापत हीसुद्धा कारणं असू शकतात. कारण कळायलाच हवं असं वाटत असेल, तर पशुवैद्यांकडून लवकरात लवकर शवविच्छेदन करून घ्या. तोवर शरीर थंड ठेवा, पण गोठवू नका. गोठवल्याने ऊती खराब होतात.

आणि हो, त्याचं सख्खं भावंड घरात असेल तर त्याचा इको नक्की करा. मेन कून आणि रॅगडॉल जातींत तर हा आजार आनुवंशिक असल्याचं सिद्ध झालेलं आहे.