सणाला बोलवायचंय, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न: ताई, आम्ही बेळगावात उद्यमबागेजवळ राहतो. फाउंड्रीत कामाला बिहार, झारखंड, ओडिशाकडची माणसं आलेत, आधी नुसती पोरं होती, आता बायकामुलांसकट भाड्याने राहूलेत. काही हिंदू, काही मुसलमान, दोन-तीन घरं ख्रिश्चन. गल्लीतली मंडळाची, मशिदीची, चर्चची माणसं एकमेकांना ओळखतात, पण यांच्याशी कोण बोलतच नाही. महिला मंडळातर्फे सगळ्यांना बोलवून मोठा कार्यक्रम करावा म्हणतोय. कसं करू?

उत्तर: ताई, तुमच्या मनात हे आलं याचाच मला खूप आनंद झाला. पण कार्यक्रम जरा थांबवा. स्टेज, हार, भाषणं झाली की पाहुणे मागच्या खुर्च्यांवर गप्प बसतात आणि दुसऱ्या दिवशी परत अनोळखी.

आपल्या गावात १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद आले तेव्हा त्यांनाही इथे कोण ओळखत नव्हतं. भाटे वकिलांनी घरात ठेवून घेतलं. जेवणानंतर या संन्याशाने पान-सुपारी मागितली, मग तंबाखू, घरचे चाटच पडले, तरी पाहुणचार चालूच राहिला. मला यातलं हेच मोठं वाटतं, की समोरचा आपल्या कल्पनेत बसला नाही तरी दार बंद केलं नाही.

तर आधी त्यांच्या अडचणीत शिरा. गावाकडचं रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, सोबत जाऊन एकदा दाखवा. मुलांना 'टीसी आणा मग बघू' म्हणून शाळेने परत पाठवलं तर शिक्षणहक्क कायदा सांगा, टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

मग त्यांच्या सणाला तुम्ही जा. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते, बायका पाण्याचा थेंबही न घेता उपास धरून सुपात ठेकुआ (गव्हाच्या पिठाचा तळलेला गोड पदार्थ), केळी, ऊस घेऊन पाण्यात उभ्या राहतात, संध्याकाळी मावळत्या सूर्याला आणि पहाटे उगवत्याला अर्घ्य देतात. कुठल्या तळ्यावर जागा मिळेल, पहाटे लाईट असेल का, पायऱ्या निसरड्या आहेत का, हे बघायला मंडळाची पोरं लागतात, गणपती विसर्जनाची सवय आहेच त्यांना. मुसलमान कामगारांसाठी जमातच्या, म्हणजे मशिदीचं काम बघणाऱ्या लोकांशी बोला, शुक्रवारच्या नमाजाला शिफ्टमधून सुटी मिळते का ते मालकाला त्यांनी विचारलेलं बरं. ख्रिश्चन घरांना चर्चमधल्या कुणाची तरी ओळख करून द्या, हिंदी बोलणारं कोणीतरी असतंच.

दोन गोष्टी मात्र कडक पाळा. मदत करताना कुणीही आपल्या धर्माचा प्रचार करायचा नाही, मग तो कुठलाही असो. आणि बंगाली बोलतोय म्हणून कुणाला बांगलादेशी म्हणायचं नाही, गल्लीत असं कोण बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, पोरांच्या कानावर पडतं ते.

अजून एक, मंडळ, जमात, चर्च तिघांकडे या घरांचे आणि त्यांच्या गावाकडचे फोननंबर असू देत. कारखान्यात अपघात झाला, कोण वारलं तर रात्री दोन वाजता कुणाला कळवायचं हेच माहीत नसतं, आणि त्या घरातली बाई एकटी पडते.

एवढं झालं की कार्यक्रम जरूर करा, पण तारीख ठरवायच्या आधी फाउंड्रीची सुट्टी कधी असते ते विचारा, नाहीतर ज्यांच्यासाठी करूलाय तीच माणसं शिफ्टला असतील.