तळघराला खिडक्या कशाला?

प्रश्न : मुलगा जर्मनीत असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा दोन दिवस शेजारच्या चेक देशात, प्रागला जाऊन आलो. तिथे ओल्ड टाऊन हॉलच्या खालचं तळघर दाखवतात, सगळं दगडी कमानींचं. गाईड भराभर पुढे गेला आणि माझ्या डोक्यात एकच राहिलं की एवढ्या खोल तळघराला दारं-खिडक्या कशाला? पलीकडे तर नुसती माती! — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बरोबर जागी अडलात तुम्ही, कारण ते तळघर म्हणून कुणी बांधलंच नव्हतं. 12व्या शतकातल्या घरांचा तो तळमजला आहे, दाराबाहेर रस्ता होता आणि त्या खिडक्यांतून उजेड यायचा.

मग झालं काय, तर व्ल्तावा नदी. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, 2019 चा पूर तुम्ही पाहिलाय. तिथेही पाणी सारखं घरात शिरायचं म्हणून 13व्या शतकात त्या लोकांनी भराव टाकून रस्तेच वर उचलले, काही ठिकाणी दोन-तीन मीटर! आपल्याकडे डांबराचे थर चढत चढत घराचा उंबरा रस्त्याच्या खाली जातो ना, तसंच, पण ठरवून केलेलं. दगडी घरं मात्र पाडली नाहीत, वरचा मजला तळमजला झाला, त्यावर पुढच्या पिढ्यांनी बांधकाम चढवलं आणि खालच्या थंडगार खोल्या साठवणीला आल्या, टाऊन हॉलखाली तर तुरुंगही होता.

आता छत पडलं कसं नाही? दोन अर्धगोल छतं काटकोनात एकमेकांत घुसवलेली असतात त्यामुळे सगळा भार चार कोपऱ्यांत उतरतो, पण कमान कायम बाहेरच्या बाजूला रेटत असते आणि तो रेटा पेलायला भिंती जाड लागतात. इथे भिंतींच्या मागे भराव आला म्हणजे त्यांना आणखी टेकू मिळाला. दगड तिथलाच, पिवळसर, त्याला ओपुका म्हणतात, छोटे चिरे घडवून ओळीत लावलेत. मला स्वतःला त्या ओळी फार आवडतात, इतकं नीटस काम रोजच्या राहत्या घरासाठी केलंय.

वरच्या इमारतीचे मात्र खूप हाल झाले. मे 1945 मधे, युद्ध संपता संपता, टाऊन हॉलची पूर्वेकडची बाजू जळाली, ती जागा आजही मोकळीच आहे.

परत जाणं झालं तर जवळच ऱ्येत्येझोवा गल्लीत कुन्श्टाट आणि पोद्येब्रादी सरदारांचं घर आहे, आत जाता येतंय का ते आधी विचारून घ्या. 1458 मधे बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातल्या जुन्या राज्याचा, राजा झालेला त्यांच्यातलाच यिर्झी त्याआधी तिथे राहायचा आणि त्याच्या काळीसुद्धा खालच्या कमानी जुन्याच होत्या बरं का. उतरलात की दाराच्या उंबऱ्याशी उभ्या राहा आणि मग वर बघा, पहिला रस्ता तुमच्या पायाशी आणि आत्ताचा डोक्याच्या वर.